टायमिंग चेन: गाडीचं नाव नको, इंजिन नंबर सांगा

आषाढी जवळ आली की सोलापुरातल्या टूरिस्ट गाड्यांना उसंत नसते, आणि वारीच्या आधी इंजिनाचं काम उरकून घ्यायची घाई सुरू होते. या वेळच्या पत्रांत टायमिंग चेनविषयीचे प्रश्न सगळ्यांत जास्त आहेत. पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा क्रँक, व्हॉल्व उघडतो तो दांडा कॅम, आणि या दोघांना मेळात फिरवते ती टायमिंग चेन. बहुतेकांची गाडी अजून चालू आहे, फक्त आवाज यायला लागलाय. म्हणजे पत्रं वेळेवर आली. म्हणून या अंकातलं सदर पूर्ण याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न: माझी २०१४ ची डिझायर डिझेल टूरिस्ट परमिटवर आहे. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर अशा फेऱ्या असतात. रनिंग १ लाख ७० हजार झालंय. सकाळी सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूने खळखळ येते, मग थांबते. मिस्त्री म्हणतात चेन सेट टाका. दुकानात तीन प्रकार दाखवले: कंपनीच्या डब्यातला, दुसऱ्या ब्रँडचा आणि बिनडब्याचा स्वस्त. कुठला घ्यावा आणि सेटमध्ये काय काय असायला हवं? (गाडीमालक, जुळे सोलापूर)

उत्तर: आधी आवाजाची खात्री करा. चेन ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल थोडं उतरतं, आणि सकाळी दाब येईपर्यंत चेन गाईडवर, म्हणजे तिला वाट दाखवणाऱ्या नायलॉनच्या पट्टीवर, आपटते. ऑइल कमी असलं किंवा जुनं होऊन घाण झालं असलं तरी हुबेहूब असाच आवाज येतो. डिपस्टिक बघा, ऑइल आणि फिल्टर एकदम बदला आणि पुढच्या चार-पाच सकाळी कान देऊन ऐका. आवाज तसाच राहिला, किंवा दोन सेकंदांचा पाच सेकंदांवर गेला, तर मिस्त्रींचं बरोबर आहे. मग मात्र वारीनंतर बघू असं म्हणू नका.

मीटरवरचे १ लाख ७० हजार हे तुमच्या इंजिनाचं खरं वय नाही. भाविक दर्शनाला जातात आणि गाडी एसी चालू ठेवून दीड-दोन तास उभी असते. तेवढा वेळ किलोमीटर पडत नाहीत, पण चेन फिरत असते, आणि आयडलिंगला ऑइलचा दाब सर्वांत कमी असतो. एक तास आयडलिंग म्हणजे ४०-५० किलोमीटर धावल्यासारखं धरावं, असा ठोकताळा आहे. तुमच्या कामात हा आकडा लहान नाही.

आता खरेदी. काउंटरवर ‘डिझायरचा चेन सेट द्या’ असं म्हणू नका. डिझायर पेट्रोलही आहे आणि डिझेलही, आणि दोन्हींत चेनच आहे. तुमचं डिझेल इंजिन १२४८ सीसीचं, आणि मारुतीच्या गाडीत त्याचा नंबर ‘डी१३ए’ने सुरू होतो. याच घराण्यातलं मूळ फियाटचं इंजिन टाटाच्या व्हिस्टा, मान्झा, झेस्टमध्ये आणि फियाटच्या पुंटो, लिनियामध्येही आलं. ७५ पीएस ताकदीचं वेगळं, ९० पीएसचं वेगळं. इंजिन एकच म्हणून सेट एकच, असं गृहीत धरू नका. आरसीवरचा १७ अक्षरांचा चॅसिस नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष असा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि तो दाखवून पार्ट नंबर काढून घ्या. पार्ट नंबर न काढता नुसतं जुन्या चेनकडे बघून ‘हेच बसतंय’ म्हणणाऱ्या दुकानातून चेन घेऊ नये.

पूर्ण सेट म्हणजे चेन, क्रँकची गरारी (दातेरी चाक), कॅमची गरारी, टेन्शनर, टेन्शनर ज्याच्यावर दाब देतो तो हलता गाईड आणि समोरचा स्थिर गाईड. त्याच्या जोडीला पुढचं क्रँक ऑइल सील, टेन्शनरचं गॅस्केट किंवा ओ-रिंग, टायमिंग कव्हरसाठी सिलिकॉन, आणि मॅन्युअलमध्ये ‘एकदाच वापरायचे’ म्हटलेले बोल्ट. हे बोल्ट ठरलेल्या टॉर्कनंतर आणखी काही अंश फिरवून ताणले जातात. दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत. डब्यावर ‘फुल किट’ छापलेलं असतं, पण आत कधी गरारी नसते, कधी सील नसतं. डबा दुकानातच उघडून एकेक वस्तू मोजा. सीलसाठी इंजिन उघडं पडलं आणि पुण्याहून पार्सल यायला दोन दिवस लागले, असं सोलापुरात सर्रास होतं.

तीन प्रकारांपैकी बिनडब्याचा घेऊ नका. त्याची चेन पहिले काही हजार किलोमीटर बरी चालते, म्हणूनच तो विकला जातो. कड्या जोडणाऱ्या पिना आणि त्यांच्यावरचे बुश पुरेसे कडक केलेले नसतील तर ते लवकर घासतात, आणि ते बाहेरून दिसायचा काहीच मार्ग नाही. उरले दोन. तुमच्या इंजिनासाठी आमचं मत कंपनीच्या डब्याकडे झुकतं. गाडी रोज भाड्यावर जाते, आणि या कामात पार्टपेक्षा खोलायची मजुरी आणि उभ्या गाडीचं बुडालेलं भाडं जास्त बोचतं. कंपनीचा माल मिळत नसेल तर जो उत्पादक मोटार कंपन्यांनाच चेन पुरवतो, त्याचा सीलबंद सेट पक्क्या बिलावर घ्या. अर्धा माल एका ब्रँडचा आणि अर्धा दुसऱ्याचा, असं मात्र नको.

काउंटरवर पाच मिनिटं द्या आणि एवढं तपासा. जुन्या आणि नव्या चेनच्या कड्या मोजा. रंगीत कडीपासून सुरुवात केली की चुकत नाही. दोन्ही गराऱ्यांचे दात मोजा. क्रँकच्या दुप्पट दात कॅमवर असतात, कारण क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅम एक घेतो. मग नवी क्रँक गरारी जुन्या गरारीवर पाठीला पाठ लावून नव्हे, तर दोन्हींचं तोंड एकाच बाजूला ठेवून, चावीची खाच खाचेवर जुळवून धरा. टायमिंगची खूण खुणेवर आली पाहिजे. नकली गरारीत दात बरोबर, भोक बरोबर, पण खूण अर्ध्या दाताने सरकलेली, असा माल बाजारात येतो. तो फिटर कितीही हुशार असला तरी त्याला रडवतो. गाईडवर नायलॉनची शिवण बोटाने चाचपा. फुगीर कंगोरा लागला तर परत द्या. टेन्शनरची पिन मात्र उत्सुकतेपोटी ओढू नका. पिनने आत दाबून धरलेला दांडा, म्हणजे प्लंजर, उडी मारून बाहेर येतो आणि मग काउंटरवरच ‘हा खोललेला आहे’ म्हणून वाद होतो.

खोलल्यावर जुन्या गाईडचे तुकडे जुळवून बघा. एखादा कोपरा नसेल तर तो ऑइलच्या चेंबरमध्ये आहे. चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी साफ केल्याशिवाय कव्हर बंद करू देऊ नका. जाळीत नायलॉनचा तुकडा राहिला की ऑइल कमी ओढलं जातं, दाब पडतो, नवा टेन्शनर ढिला राहतो, आणि नवीन चेन सहा महिन्यांत जुनी होते.

प्रश्न: २०१३ ची स्विफ्ट पेट्रोल. आवाज येत होता म्हणून फक्त चेन बदलली, बाकी सामान ‘चांगलं आहे’ म्हणून तेच ठेवलं. आवाज कमी झाला, पण इंजिनाचा दिवा लागला. स्कॅनरवर पी००१६ येतो. सेन्सर बदलून झाला. दिवा पुन्हा आला. (वाचक, विजापूर रोड)

उत्तर: पी००१६ चा अर्थ ‘सेन्सर बिघडला’ असा नाही. क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही, एवढंच तो कोड सांगतो. दोन्ही सेन्सर खरं बोलत असतानाही तो येतो, आणि तुमच्याकडे तसंच झालेलं दिसतं.

चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण लोखंड लांबत नाही. प्रत्येक कडीच्या पिना आणि बुशमध्ये केसाएवढी झीज होते आणि शंभर-सव्वाशे कड्यांची झीज जमून चेन लांब होते. समजायला सोपं म्हणून एक नमुना घेऊ. चेनचा पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर, ८ मिलिमीटर, कड्या १२०, कॅम गरारीला ३६ दात. चेनची लांबी ९६० मिलिमीटर. अर्धा टक्का झीज झाली तर ती ४.८ मिलिमीटर लांबते. टेन्शनर सैल बाजूचा ढील खाऊन टाकतो, म्हणून आवाज येत नाही. पण क्रँक ज्या बाजूने कॅमला ओढतो, ती ताठ बाजूही लांबलेलीच असते, आणि तिथे टेन्शनरचं काही चालत नाही. ताठ बाजू ३०० मिलिमीटर धरली तर ती दीड मिलिमीटर लांबली. कॅम गरारीवर ८ मिलिमीटर म्हणजे १० अंश, तर दीड मिलिमीटर म्हणजे जवळपास १.९ अंश, क्रँकच्या हिशेबात पावणेचार अंश. कॅम तेवढा मागे राहतो. एक पूर्ण दात चुकला तर कॅमवर १० आणि क्रँकवर २० अंश. तुमच्या इंजिनाचे आकडे वेगळे असतील. हिशेबाची रीत हीच.

आता तुमच्या गाडीचं बघू. चेन नवी आहे, म्हणजे लांबण्याचा प्रश्न मिटला. उरल्या तीन शक्यता. पहिली, बसवताना एक दात चुकला. कव्हर खोलून खुणा बघितल्याशिवाय हे कळत नाही. दुसरी, जुन्या गरारीचे दात. झिजलेल्या दाताची एक बाजू हुकासारखी वाकते आणि नव्या चेनची कडी दाताच्या तळाला न बसता वर चढते. जुनी गरारी उजेडात धरून दाताच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते बघा. तळात नखाला लागेल एवढी पायरी असेल तर ती बाद. तिसरी, व्हीव्हीटीची चक्री. तुमच्या इंजिनात इनटेक कॅमची गरारी आणि टायमिंग पुढे-मागे करणारी यंत्रणा एकच भाग आहे. तिच्या आतलं लॉक झिजलं, किंवा तिला ऑइल देणाऱ्या व्हॉल्वची जाळी चिकटली, तरी हाच कोड येतो. जाळी काढून साफ करणं स्वस्त आहे, म्हणून तिथून सुरुवात करा. व्हीव्हीटीची चक्री महाग असते, आणि चेन बदलताना ती वगळली जाते ती याच कारणाने. दात झिजले असतील तर मात्र तिला पर्याय नाही.

चेन एकटी झिजत नाही. जिच्यावर ती फिरते ती गरारी आणि ज्याच्यावर ती घासते तो गाईड, हे तिच्याच वयाचे असतात.

प्रश्न: टेन्शनरच्या मागे वायसर टाकून चेन घट्ट करता येते, हजार-दोन हजारांत काम होतं, असं एका गॅरेजमध्ये सांगितलं. करावं का? (वाचक, होटगी रोड)

उत्तर: नको. वरच्या उत्तरातला हिशेब वाचलात तर कारण कळेल. वायसरने सैल बाजूचा ढील जातो, म्हणून आवाज गप्प होतो. मागे राहिलेला कॅम मागेच राहतो. मायलेज, पिकअप, धूर यांत काही फरक पडत नाही. उलट घट्ट दाबलेली चेन नायलॉनच्या गाईडला करवतीसारखी कापत जाते. सगळ्यांत वाईट म्हणजे आवाज ही एकच सूचना तुमच्याकडे होती, ती तुम्ही पैसे देऊन बंद केलीत.

गाडी विकत घेताना टेन्शनरच्या बोल्टांभोवती ताजं सिलिकॉन दिसलं तर तिथे वायसर घातलेलं असू शकतं. खोलून बघायला सांगा.

प्रश्न: माझ्या सँट्रो झिंगची टायमिंग चेन किती किलोमीटरला बदलायची? (निवृत्त शिक्षक, बार्शी)

उत्तर: सर, तुमच्या गाडीत चेन नाही, रबरी टायमिंग बेल्ट आहे. तो आवाज न करता तुटतो, म्हणून मॅन्युअलमधल्या किलोमीटरला किंवा वर्षांना, जे आधी येईल तेव्हा, बदलावाच लागतो. कधी बदलला हे माहीत नसेल तर बदलायची वेळ झाली असं समजा, आणि सोबत बेल्टचा टेन्शनर बेअरिंगही घ्या.

बऱ्याच जणांचा हा गोंधळ असतो, म्हणून नेहमीच्या काही गाड्या सांगतो. बेल्ट: मारुती ८००, जुनी इंडिका डिझेल, जुनी इनोव्हा २.५ डिझेल, डस्टर १.५ डिझेल. चेन: वॅगन आर आणि स्विफ्टची के-सिरीज पेट्रोल इंजिनं, ह्युंदाईचं १.२ कप्पा, होंडा सिटी आणि अमेझ, एटिओस, इनोव्हा क्रिस्टा २.४.

प्रश्न: सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांचा. पातळ ऑइल इतक्या उन्हात टिकणार नाही म्हणून आमच्याकडे पेट्रोल गाडीतही २०डब्ल्यू-५० टाकतात. याने चेनचं आयुष्य वाढतं की कमी होतं? (वाचक, अक्कलकोट)

उत्तर: ज्या इंजिनासाठी ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० सांगितलं आहे, त्यात २०डब्ल्यू-५० टाकलं तर चेनचं नुकसानच होतं. बाहेर ४३ अंश असोत की ११, थर्मोस्टॅट इंजिन आपल्या ठरलेल्या तापमानावर, साधारण ९० अंशांच्या आसपास, राखतो. उन्हाळ्यात इंजिनाच्या आतलं ऑइल हिवाळ्यापेक्षा दुप्पट तापत नाही. ऑइल पातळ असण्याची गरज पहिल्या काही सेकंदांत असते. टेन्शनरमध्ये जाणारं भोक बारीक असतं. जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं, तोवर चेन सैल फिरते. व्हीव्हीटीची चक्री तर ऑइलच्या ठरलेल्या पातळपणावरच बेतलेली असते. जाड ऑइल घातल्यावर आवाज ‘दबला’ असं वाटतं, ते काही काळ खरंही असतं. झीज मात्र चालूच राहते.

सोलापूरच्या हवेची खरी अडचण उष्णतेपेक्षा धुळीची आहे. एअर फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ आणि डिझेलची काजळी ऑइलमध्ये मिसळते, आणि चेनच्या पिनांसाठी ते मिश्रण पॉलिश पेपरसारखं काम करतं. मॅन्युअलमध्ये सर्व्हिसचे दोन तक्ते असतात: एक साधा, दुसरा धूळ, छोट्या फेऱ्या, जास्त आयडलिंग अशा कडक वापराचा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना दुसरा तक्ता लागू होतो, आणि बहुतेक मालक पहिला वापरतात. ग्रेड कंपनीचा ठेवा आणि अंतर कमी करा. चेन वाचवायला याहून स्वस्त उपाय नाही.

फिल्टरबद्दलही लिहायला हवं. डब्यासारख्या गोल, फिरवून बसवायच्या ऑइल फिल्टरमध्ये एक रबरी पडदा असतो. इंजिन बंद झाल्यावर तो ऑइल खाली उतरू देत नाही. नकली फिल्टरमध्ये तो कडक प्लॅस्टिकसारखा असतो किंवा नीट बसतच नाही. फिल्टरच्या बाहेरच्या भोकांतून बघितलं तर हा पडदा दिसतो. लवचीक रबर ओळखू येतं. नवी चेन टाकूनही सकाळचा आवाज राहिला, आणि शेवटी दोष फिल्टरचा निघाला, असं वरचेवर घडतं.

प्रश्न: मी गॅरेजमध्ये शिकतोय. चेन बसवताना रंगीत कड्या खुणांवर बरोबर बसवल्या. हाताने दोन फेरे फिरवले तर कड्या कुठच्या कुठे गेल्या. खोलून परत बसवलं, तेच. माझं काय चुकतंय? (शिकाऊ फिटर, अक्कलकोट रोड)

उत्तर: काहीच चुकत नाहीये, आणि दोन फेरे हाताने फिरवलेस हे फार चांगलं केलंस. रंगीत कड्या फक्त बसवतानाच्या आहेत. वरचाच नमुना घे: १२० कड्या, क्रँकला १८ दात. क्रँकच्या एका फेऱ्याला चेन १८ कड्या पुढे जाते. रंगीत कडी परत त्याच जागी यायला २० फेरे लागतात. म्हणून दोन फेऱ्यांनंतर कड्यांकडे बघायचंच नाही. क्रँकची खूण आणि कॅमची खूण इंजिनावरच्या आपापल्या खुणांशी जुळतात का, ते बघायचं. ज्या इंजिनाला फ्लायव्हील आणि कॅम लॉक करायच्या पिना लागतात, तिथे दोन फेऱ्यांनंतर दोन्ही पिना जोर न लावता आत गेल्या पाहिजेत. तुझ्या गॅरेजात येणाऱ्या १.३ डिझेलना या पिना लागतात; व्हाइटनरने खुणा करून ते काम करू नकोस.

क्रम असा ठेव. पहिल्या सिलिंडरचा टीडीसी (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) लावून इंजिन लॉक कर. जुनी चेन काढण्याआधी फोटो घे. कव्हरचा चेहरा जुन्या सिलिकॉनपासून स्वच्छ कर, पण ॲल्युमिनियमवर पोलादी खरवडणी नको. ओरखडा पडला की तिथून ऑइल झिरपतं. नवी चेन आणि गाईड इंजिन ऑइलने ओले करूनच बसव. ताठ बाजूला किंचितही ढील ठेवू नकोस, सगळा ढील टेन्शनरच्या बाजूला येऊ दे. टेन्शनर बसवून, बोल्ट टॉर्क करून, मगच पिन ओढ. पिन खिशात टाकून दे, म्हणजे शेवटी हिशेब लागतो. पिन न काढता कव्हर बंद केलेली इंजिनंही असतात. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरतं त्याच दिशेने दोन पूर्ण फेरे. उलटा फेरा द्यायचा नाही. उलट फिरवलं की ढील ताठ बाजूला जातो आणि चेन दात सोडू शकते. मध्ये कुठे कडक लागलं तर तिथेच थांब. व्हॉल्व पिस्टनला टेकतोय.

सिलिकॉन सलग, साधारण ३ मिलिमीटर जाडीचं, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलं की पिळून आत येतं, वाळून सुटतं आणि पंपाच्या जाळीत जाऊन बसतं. ट्यूबवर लिहिलेला वेळ गेल्याशिवाय ऑइल भरायचं नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

पहिला स्टार्टही लगेच नको. पेट्रोल गाडी असेल तर इंधन पंपाचा फ्यूज काढून पाच-सात सेकंद सेल्फ मार, थांब, परत मार. टेन्शनरमध्ये ऑइल भरू दे. मग फ्यूज लाव. सुरू झाल्यावर दोन सेकंद आवाज आला तर घाबरू नकोस. दहा सेकंदांनीही राहिला तर बंद कर.

प्रश्न: चालू गाडीत चेन तुटली, पुणे रस्त्यावर मोहोळजवळ. १.३ डिझेल. पूर्ण इंजिन भंगारातून आणून टाका असा सल्ला मिळतोय. (वाचक, माढा)

उत्तर: आधी सेल्फ मारणं बंद करा. ‘एकदा बघू’ म्हणून मारलेला प्रत्येक सेल्फ व्हॉल्व आणखी वाकवतो. या डिझेल इंजिनात चेन तुटल्यावर अनेकदा रॉकर आर्म तुटतात आणि व्हॉल्व वाचतात. म्हणून थेट इंजिन बदलायचा निर्णय घेऊ नका. व्हॉल्व कव्हर काढून तुटलेले रॉकर मोजा, तुकडे पूर्ण जमवा, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन गळती तपासा. हवा इनटेकमधून किंवा सायलेन्सरमधून येत असेल तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व वाकला, हेड उतरवावं लागेल. गळती नसेल तर नवे रॉकर आणि पूर्ण चेन सेट टाकून इंजिन उभं राहतं.

भंगारातलं इंजिन घेणारच असाल तर त्याचा चेन सेट आहे तसाच चालवू नका. मारुतीने धुराचे बीएस-६ नियम आल्यावर, एप्रिल २०२० पासून, हे १.३ डिझेल बंद केलं. म्हणजे बाजारात येणारं सर्वांत तरुण इंजिनही आता काही वर्षांचं आहे, आणि ते कुठल्या ऑइलवर चाललं हे कोणालाच सांगता येत नाही. इंजिन खाली, स्टँडवर असताना कव्हर उघडणं अर्ध्या दिवसाचं काम. गाडीत बसवल्यावर तेच काम दोन-तीन दिवसांचं होतं. इंजिन बदलल्यावर आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायला आरटीओत अर्ज करावा लागतो. विक्रेत्याकडून त्या इंजिनाची कागदपत्रं आणि बिल आधी ताब्यात घ्या, मगच पैसे द्या.

एका वाचकाने जुनी आणि नवी चेन घरी कशी ताडून बघायची, असं विचारलं आहे. दोन्ही चेन केरोसीनने धुऊन एकाच खिळ्याला शेजारी टांगा आणि खालची टोकं बघा. चेन गोल माळेसारखी असल्यामुळे टांगल्यावर दिसणारा फरक खऱ्या वाढीच्या निम्मा असतो. म्हणजे वर सांगितलेल्या नमुन्यातली चेन अर्धा टक्का वाढली तर खाली फक्त २.४ मिलिमीटरचा फरक दिसेल. एवढ्याशा फरकाला ‘काही नाही’ म्हणून जुनी चेन परत बसवली जाते. दुसरी ताडणी: चेन आडवी धरून एका टोकाने हवेत पुढे काढा. नवी बऱ्यापैकी सरळ राहते. झिजलेली बाजूला वाकून खाली लोंबते. हे बघायला पट्टीही लागत नाही. मिस्त्रींना जुनं सामान तुमच्या हातात द्यायला आधीच सांगून ठेवा, डबा आणि बिलासकट.